गळका व्हॉल्व्ह

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या तळमजल्यावरचं यंत्र सुगलाबाईंना टोकन द्यायला तयार नव्हतं.

"तिल्लेवाडी फाटा, जलवाहिनीची गळती," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "आपली तक्रार दूर झालेली आहे. अभिनंदन."

"दूर झाली म्हणून तर आलेय की मी," सुगलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"अभिनंदन," यंत्र म्हणालं.

शिवलीला तिसऱ्या मजल्यावरून खाली आली तेव्हा दाराशी बसलेला शिपाई तोंडावर रुमाल धरून हसत होता आणि तिची आत्या यंत्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. नेसण्यात इरकल, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी भाकरीची चवड. हे चित्र शिवलीलाच्या इतकं ओळखीचं होतं की क्षणभर आपण शाळेच्या गणवेशात आहोत असंच तिला वाटलं.

"आत्या, येतेस म्हणून फोन करायचास ना."

"तुला कशाला फोन? तुझ्याकडं आलेय का मी? कलेक्टरकडं आलेय. आज पहिला सोमवार हाय ना?"

"आहे."

"लोकशाही दिन हाय ना?"

"आहे गं. पण आता कुणी येत नाही."

"का, लोकशाही संपली?"

शिपायानं रुमाल खिशात घातला आणि तो उगाचच खुर्च्या सरळ करू लागला. सभागृहाचं दार उघडं होतं. आत रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी होत्या आणि पलीकडच्या टोकाला जिल्हाधिकारी मॅडम एकट्याच फाइल वाचत बसल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसावं हा जुना आदेश कुणी रद्द केलेला नव्हता, म्हणून त्या बसत. दारावरच्या फलकावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'प्रलंबित तक्रारी : शून्य'.

ते शून्य आणण्यात शिवलीलाचाही हात होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या खोलीत ती काम करत असे, तिथल्या यंत्रणेचं नाव होतं 'कानोसा'. गावोगावी इंटरनेट पोचवण्यासाठी रस्त्यांच्या कडेनं काचेच्या तंतूंची केबल पुरलेली होतीच. त्यातला एक तंतू कानोसानं घेतला. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म विषमता राहतेच. तंतूत लेझरचा ठोका सोडला की अशा प्रत्येक जागेवरून किंचित प्रकाश माघारी येतो. जमीन थरथरली तर तिथली काच ताणली जाते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, पण ताणली जाते आणि परतणारा प्रकाश तेवढा बदलतो. प्रकाशाला परतायला किती वेळ लागला यावरून ती जागा जिल्ह्यात नेमकी कुठली हेही कळतं. म्हणजे ज्या केबलीतून लोक सिनेमे बघत होते, तीच केबल जमिनीखाली कान लावून पडलेली होती.

प्रत्येक बिघाडाची थरथर वेगळी असते. फुटक्या नळाची सूं अशी बारीक शीळ येते. खड्ड्यावर चाकं दोनदा आपटतात. थकत आलेला ट्रान्सफॉर्मर नेहमीच्या घुमण्यात एक कर्कश सूर मिसळतो. कानोसा हे ओळखत असे आणि माणसांना कळायच्या आत दुरुस्तीची गाडी निघत असे. माणसांचं बोलणं जमिनीत फारसं उतरत नाही आणि उतरलंच तर ते गाळून टाकायचा कायदा होता. पावलांचे, गुरांचे, मुलांच्या खेळण्याचे आवाज 'गोंगाट' म्हणून आधीच चाळून बाजूला काढले जात. ती चाळणी लिहिण्याचं काम शिवलीलाचं होतं. भूभौतिकीत पदवी घेऊन आल्यावर तिला मिळालेलं ते पहिलं काम आणि ते तिनं फार मनापासून केलं होतं.

"चल, आधी बाहेर बसू," ती आत्याला म्हणाली.

आवारातला कडुनिंब होता तिथंच होता. खालचा पार मात्र पालापाचोळ्यानं भरला होता. सुगलाबाईंनी पदरानं जागा झाडली आणि पिशवी सोडली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा.

"बस म्हणायला बी कुणी न्हाई हितं," त्या म्हणाल्या.

शिवलीलाच्या गावी शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून पाचवीपासून ती तिल्लेवाडीला या आत्याकडे राहिली. पहिल्या सोमवारी आत्या तिला शाळेला दांडी मारायला लावून इथं आणत असे. आत्याची तक्रार कधी एसटीच्या थांब्याची असे, कधी रस्त्यावरच्या दिव्याची, तर कधी शाळेच्या गळक्या पत्र्याची. तिची स्वतःची अशी फार क्वचित. पण या पारावर बसायचं म्हणजे जत्राच. नदीकाठच्या गावचे दोघे भाऊ येत. बांधावरून त्यांची एकमेकांविरुद्ध तक्रार होती आणि दोघं एकाच मोटारसायकलवरून येत, कारण पेट्रोल कशाला दोनदा जाळायचं. एक निवृत्त मास्तर दरवेळी नवा अर्ज आणत आणि आत जाण्याआधी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. लोक त्यात सुधारणा सुचवत. कुणाच्या डब्यातलं वांगं कुणाच्या भाकरीवर पडे. याच पारावर दोन लग्नंही जुळली होती. एखाद्याचं काम झालं की तो पुढच्या महिन्यात पेढे घेऊन येई, सांगायला नव्हे तर बसायला.

मग कानोसा आला. दिवे विझण्याआधी बदलले जाऊ लागले. मास्तरांचा रस्ता त्यांनी अर्ज लिहायच्या आत डांबरी झाला. दोघा भावांचं गाऱ्हाणं कानोसाला ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण ऐकायला पारावर कुणी उरलं नाही तेव्हा त्यांच्याही भांडणात काही राम राहिला नाही.

"आता सांग," शिवलीला म्हणाली. "गळती बंद झाली ही तक्रार कशी काय होते?"

"तू बघितलायस की तो वॉल."

शिवलीलानं तो कितीदा तरी पाहिला होता. शहराकडे जाणारी मोठी पाइपलाइन फाट्यावरच्या माळावर चढते. चढावर पाइपात हवा अडकते, ती बाहेर पडावी म्हणून तिथं व्हॉल्व्ह बसवलेला असतो. हा व्हॉल्व्ह आत्याचं लग्न झालं तेव्हापासून गळका होता. करंगळीएवढी धार दगडावरून ओघळून करंजाच्या बुडाशी जायची. वस्तीतल्या बाया तिथं पाणी भरायच्या. पुढं घरोघरी नळ आले तरी त्या घागरी घेऊन तिथंच जात राहिल्या, कारण म्हणे नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. नळाचं पाणी त्याच पाइपलाइनमधून येत होतं. शिवलीलानं हे एकदा आकृती काढून समजावलं होतं. बायांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घागरी उचलल्या.

"दिवाळीनंतर गाडी आली. दोघं उतरली, काय पिळलं काय आवळलं, चहा प्यायच्या आत धार बंद," सुगलाबाई म्हणाल्या. "आमी म्हणलं, अहो, सांगितलं कुणी तुमाला? म्हणले, कुणीच न्हाई सांगितलं, आमाला आपोआप कळतं."

"आत्या, त्या धारेत रोज किती पाणी वाया जायचं, ठाऊक आहे? शहराच्या शेवटच्या गल्लीला पाणी पोचत नव्हतं."

"ते बी खरं असल." आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मायाक्का यायचीय, शिवे."

आता शिवलीलाला कळलं.

सुगी संपली की पश्चिमेकडून मेंढपाळांचे कळप येत. मायाक्काचा कळप दरवर्षी त्या व्हॉल्व्हपाशी पाणी पिऊन आत्याच्या वावरात बसे. मेंढरांचं खत जमिनीला मिळायचं, मायाक्काला ज्वारी मिळायची. पण हा झाला व्यवहार. दोघींची ओळख व्हॉल्व्हपाशी, घागर भरायची वाट बघताना झाली होती, दोघीही नव्या नवऱ्या असताना. शिवलीलाचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले त्या वर्षी मायाक्का मुक्काम आटोपून पुढं निघून गेली होती. निरोप कळल्यावर तिनं सगळा कळप माघारी वळवला. मेंढपाळ कळप माघारी वळवत नाहीत. मागचं रान चरून संपलेलं असतं.

"तिच्याकडं फोन हाय की," भाचीच्या तोंडावर आलेलं आत्यानं आधीच ओळखलं. "रोज बोलतो आमी. जेवलीस का, जेवले. तू जेवलीस का, जेवले. संपलं. परवा म्हणली, वॉल आटला म्हणतेत, तर पोरं कालव्याच्या वाटेनं जाऊ म्हणायलेत. तिकडं पाणी हाय. मेंढरांनी काय माझं तोंड बघून यायचं? आणि एकदा वाट मोडली की मोडली. या दोन-चार दिसांत ती नाक्यावर येतील, तिथनं ठरल, कालवा का माळ. आमच्या दोघींचे गुडघे आता किती वर्षं चालणार, तूच सांग."

"घरच्या नळावर..."

"नळ तासभर येतो. एवढी मेंढरं पाजू का वाटीनं?"

शिवलीलाला हसू आलं आणि लगेच गेलं. समोरून तिचे कक्षप्रमुख फुलारी येत होते. हातात चहाचे दोन कप, एक आत्यासाठी.

"नमस्कार आत्या. घ्या. हत्तुरे, जरा इकडे या." शिवलीलाला झाडापासून चार पावलं दूर नेऊन त्यांनी आवाज खाली आणला. "बघा, मला त्यांचं दुःख समजतं. माझी आई पण अशीच. पण आज नोंद झाली तर फलकावरचं शून्य जाईल. पुढच्या महिन्यात आपली यंत्रणा राज्यभर न्यायची बैठक आहे, तुम्हीच ती मांडणार आहात. आणि पहिली तक्रार काय, तर गळती बंद केली. लोक हसतील हो. तुमच्या घरच्याच आहेत, समजवा. गाडीनं घरी सोडायची व्यवस्था करतो मी."

फुलारी वाईट माणूस नव्हते. पहिला ट्रान्सफॉर्मर जळण्याआधी बदलला गेला, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पाहिलं होतं.

"सर, यंत्र तिला टोकनच देत नाहीये," ती म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला."

"मिटला नाही. आपल्याला तो ऐकू येत नाही, एवढंच."

ती वर गेली. व्हॉल्व्हजवळचा दुरुस्तीपूर्वीचा कच्चा संकेत, फाट्याकडची केबल अजून चाचणीत होती तेव्हापासूनचा, साठवणीत होता. नव्या गळत्या ओळखायला कानोसाला शिकवण्यासाठी तो जपून ठेवलेला होता. तिनं तो उघडला. पडद्यावर गळतीची शीळ स्वच्छ दिसत होती, एखाद्या पाठ्यपुस्तकात छापावी अशी. शिवलीलानं हा नमुना आधीही अनेकदा पाहिला होता, पण नेहमी चाळणीतून. आज तिनं चाळणी बंद केली.

शिळेच्या आवाजाखाली गर्दी होती.

पावलांची कंपनं फार खोल सुरात असतात, कानाला जेमतेम लागतात. तिनं वेग तोच ठेवून सूर तेवढा वर चढवला आणि हेडफोन कानाला लावला. हलकी पावलं येत होती. थांबत होती. मग तीच पावलं जड होऊन, आखूड टाकत परत जात होती, घागर भरलेली असली की टाच खोल पडते तशी. तिनं आदल्या हिवाळ्याचा भाग काढला. सुरुवातीला काहीच नव्हतं, मग लांबून सुपात ज्वारी पाखडावी तसा आवाज वाढत वाढत आला. मेंढरांचे खूर. ते सगळं शांत झाल्यावर दोन चाली उरल्या. एकीचा उजवा पाय किंचित ओढत होता. तो गुडघा शिवलीलानं वर्षानुवर्षं तेलानं चोळला होता. दुसरीच्या पावलांमध्ये काठीचा ठोका पडत होता.

तिनं तेवढा तुकडा कापला आणि खाली आली.

"टोकन नाही, पण चल," ती आत्याला म्हणाली.

जिल्हाधिकारी मॅडमनी फाइलमधून मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आणि मग, लपवता न आलेला, आनंद उमटला. त्यांनी स्वतः उठून समोरची खुर्ची पुढं ओढली.

"बसा मावशी. कुठून आलात?"

"तिल्लेवाडीवरनं. ह्याच्याआधी बी आलतो, तुमी नव्हता, तुमच्याआधीचे दाढीवाले साहेब होते. एसटीचा थांबा दिला त्यांनी."

"मग मी काय द्यायचं?"

सुगलाबाईंनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, मायाक्काच्या गुडघ्यांसकट सगळं. फुलारी मागं येऊन उभे राहिले होते. मॅडम ऐकत होत्या. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, गळती चालू करा असा आदेश मला देता येत नाही. पाणी शहराचं आहे आणि तिथंही बायकाच भरतात."

"व्हय," आत्या म्हणाली. तिला ते पटलं असावं, कारण ती पिशवी सावरू लागली.

"मॅडम, एक ऐकवू?" शिवलीलानं विचारलं.

तिनं टॅब टेबलावर ठेवला. रिकाम्या सभागृहात ज्वारी पाखडली जाऊ लागली. आवाज वाढला, भरून राहिला, ओसरला. मग एक ओढता पाय आणि एक काठी. जवळ आल्या. थांबल्या. त्यानंतर फक्त धारेची शीळ.

आत्या टॅबकडे बघत होती. तिचा हात आपोआप गुडघ्यावर गेला होता.

"मग पुढे?" मॅडम म्हणाल्या.

"पुढे काही नाही, मॅडम. त्या बसल्यात."

"आणि हे आपण...?"

"हे आपण गोंगाट म्हणून काढून टाकतो. फाट्यावर गळती आहे एवढं आपल्याला ऐकू आलं. तिथं पाणवठा आहे, ते नाही."

फुलारींनी घसा साफ केला. "मॅडम, मेंढपाळ तिथले रहिवासी नाहीत. त्यांचा पत्ता नाही, नळजोड नाही. यंत्रणेत ते कुठे बसवायचे?"

"फुलारी, यंत्रणेचं नंतर बघू." मॅडमनी कागद पुढं ओढला. "गळती मंजूर करायचा अधिकार मला नाही. जनावरांसाठी पाणवठा मंजूर करायचा आहे. मोजून पाणी, ते साठायला सिमेंटची हाळ, वर तोटी. आधी तात्पुरती पत्र्याची हाळ बसवा, उद्याच. कळप नाक्यावर यायच्या आत." त्यांनी सही केली आणि शिपायाला हाक मारली. "फलक बदला. एक लिहा."

शिपायाला फलक बदलायचा कसा हे आठवायला वेळ लागला.

बाहेर पडताना आत्या म्हणाली, "तुझी नोकरी जाईल का गं?"

"नाही. बैठकीत हसतील."

"हसू दे. आमी काय कमी हसलो का तुझ्या त्या चित्राला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हाळ बसली. प्रवाह तिसऱ्या मजल्यावरून ठरवायचा होता. फुलारी शिवलीलाच्या मागे उभे राहून म्हणाले, "मोठी धार ठेवा. हाळ पटकन भरेल, घागरी पटापट भरतील, पाणी आपोआप बंद. कुणाला ताटकळायला नको."

हिशेबानं ते बरोबर होतं. शिवलीलानं पाइपातला दाब पाहिला, जुन्या संकेतातली शीळ शेजारी उघडली. शीळ आणि दाब कळला की धार किती जाड होती हे काढता येतं. करंगळीएवढी. तोच आकडा तिनं भरला.

"हाळ रात्रभर भरत राहील, सकाळी कळपाला पुरेल," ती म्हणाली. "सांडेल ते करंजाला जाईल. एकूण पाणी तुमच्या आकड्यापेक्षा जास्त नाही."

"पण घागर भरायला किती वेळ लागेल."

"हो."

फुलारी चहा आणायला गेले.

कळपाचा आवाज कानोसात आला तो त्या आठवड्याच्या शेवटी, नाक्याच्या बाजूनं. शिवलीलानं चाळणी त्या पट्ट्यापुरती काढून ठेवली होती. नाक्यावर खूर घोटाळले. पुढची मेंढरं कालव्याकडं चारदोन पावलं गेली असावीत. मग काठीचा एक ठोका पडला, जरा जोरात, आणि सगळी ज्वारी माळाच्या दिशेनं सरकली.

तिकडून, वस्तीच्या बाजूनं, ओढत्या पायानं कुणीतरी निघालं होतं. त्या गुडघ्याला झेपणार नाही इतक्या घाईनं.

खूर हाळेपाशी आले, पसरले, निवले. काठी थांबली. ओढता पाय थांबला. पडद्यावर तोटीची बारीक शीळ तेवढी राहिली.

थोड्या वेळानं पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उघडली. तिल्लेवाडी फाट्याजवळ संथ, अखंड गळतीचा संकेत. दुरुस्तीची गाडी तयार आहे. पाठवायची?

शिवलीलानं 'नको' दाबलं. यंत्रणेनं कारण विचारलं आणि खाली यादी दिली: चुकीचा संकेत, काम सुरू आहे, साहित्य उपलब्ध नाही. यातलं काहीच नव्हतं. शेवटच्या रिकाम्या चौकटीत तिनं लिहिलं, 'दोघी बसल्या आहेत,' आणि नोंद पक्की केली.